मातीची वेळ

दिवाळी सरली की जिनिंगकडे जाणारे कापसाचे टेम्पो आमच्या खिडकीखालून जायला लागतात, दोन्ही अंगांनी फुगलेले, पोट सुटलेल्या माणसासारखे. वळणावरच्या बाभळीला ते हटकून घासतात आणि तिच्या काट्यांत कापसाचे पुंजके अडकून राहतात. पंधरवड्यात ती बाभूळ पार म्हातारी दिसायला लागते. "आजी, तुझ्यासारखी," असं माझी नात सई म्हणते. मी म्हणते, तिला काटे तरी राहिलेत बाई, माझे दातही गेले.

मुलानं जालन्यात घर केल्यापासून मी इथंच असते. सगळं हाताशी आहे. पण वेचणीचे दिवस आले की दुपारी साडेबाराच्या सुमाराला माझा हात थांबतो. भाजी चिरत असले तर सुरी थांबते, बोलत असले तर तोंड थांबतं; आणि हे दुसरं फार क्वचित घडतं म्हणून घरातले लगेच विचारतात, "काय झालं?" काही झालेलं नसतं. कुठल्याशा रानात बायका वेचता वेचता कमरेला बांधलेल्या कापसाच्या ओटीवर हात ठेवून उभ्या राहिल्यात, असं मला वाटत असतं. आता कुणी तसं उभं राहत नाही. मला ठाऊक आहे. पण हाताला कोण सांगणार?

घनसावंगी तालुक्यात, तीर्थपुरीच्या बाजारापासून फार लांब नाही, असं आमचं गाव. तिथं बायकांच्या बचत गटांच्या संस्थेनं रेडिओ काढला. गावाचा स्वतःचा. रेडिओ म्हणजे दिल्लीचा, मुंबईचा, फार तर औरंगाबादचा. तो आपल्या गावचा कसा असेल, हे कुणाला उमगत नव्हतं. पारावरचे म्हातारे म्हणायचे, "इथं टँकर बराबर वेळेवर येईना, अन् ह्या बाया रेडिओ आनून राह्यल्या." तरी तो आला. खताच्या बंद पडलेल्या दुकानाच्या माडीवर एक खोली मिळाली. छतावर लोखंडी मनोरा उभा राहिला, आणि माणसांच्या आधी वानरांनी त्याचं उद्घाटन केलं.

आवाज घुमू नये म्हणून खोलीच्या भिंतींना काहीतरी जाड लावायला हवं होतं. गटातल्या प्रत्येक घरानं एकेक वाकळ दिली. जुन्या लुगड्यांच्या, धोतरांच्या, पोरांच्या झबल्यांच्या तुकड्यांनी शिवलेल्या त्या वाकळी आम्ही खिळे ठोकून चारी भिंतींवर टांगल्या. खोलीत शिरलं की धुराचा, तेलाचा, झोपेचा वास यायचा. पहिल्यांदा येणारा पाहुणा दारातच थबकायचा. आत बाळंतीण आहे की काय, असं त्याला वाटायचं. आमचा आवाज हवा चांगली असली तर थेट जांब समर्थच्या देवळापर्यंत जायचा. आभाळ आलं की तीर्थपुरीच्या अलीकडंच त्याचा दम तुटायचा.

आणि निवेदिका कोण? मी. पन्नाशीच्या आसपासची, बी. ए. मराठी, नवरा तहसीलमध्ये, मुलं शिकायला बाहेर, आणि गावात माझ्याइतकं शुद्ध कुणी बोलत नाही हा समज. तो समज मी कुणापासून लपवूनही ठेवलेला नव्हता. पहिल्या दिवशी मी इस्त्रीचं पातळ नेसून, पावडर लावून, गजरा माळून रेडिओवर गेले. रेडिओवर! कोण बघणार होतं? वाकळी? आमच्या ह्यांनी सायकलवर सोडताना एवढंच विचारलं, "लग्न कुणाचं आहे?" तरीही पुढचा महिनाभर गजरा सुटला नाही.

आवाजाचं तर विचारूच नका. शहरातल्या निवेदिका ऐकून ऐकून मी एक वेगळाच गळा तयार केला होता. तूप गिळून बोलावं तसा. "रसिक श्रोतेहो, आपणा सर्वांना मनःपूर्वक सुप्रभात..." असं म्हणताना मी डोळे मिटत असे. आठवड्यानं कुणाच्या तरी रानात गेले, तर वेचणाऱ्या बायकांत एक म्हातारी मला न ओळखता दुसरीला सांगत होती, "ती रेडिओतली बाई आजारी हाय वाटतं गं. लई दमून दमून बोलती. कुनी दवाखान्यात तरी न्यावं." मी घरी आले आणि रात्री जेवले नाही. आज आठवलं की पोट धरून हसते. तेव्हाच्या त्या बाईच्या डोक्यात एक टपली मारावी, गजरा काढून हातात द्यावा आणि म्हणावं, बाई, बस खाली, जरा ऐक.

यंत्राकडं मुमताज होती. पंक्चर काढणाऱ्या चाचांची थोरली लेक. लग्न होऊन परत आलेली, आयटीआय केलेली, कमी बोलणारी. बटणं सगळी तिच्या ताब्यात. मी जास्त लांबण लावली की ती यंत्रामागून बोटानं गळा कापल्याची खूण करायची. गावात माझ्यापुढं अशी हिंमत दुसऱ्या कुणी केली नव्हती.

मातीची वेळ सुरू झाली ती मुमताजमुळं.

आमच्याकडे अंत्यविधीला माती म्हणतात. कुणी गेलं की पहिला प्रश्न असतो, "माती कधी?" लेकी-जावई, भाऊ-भाचे आल्याशिवाय माती होत नाही. त्यातही बाई गेली असेल तर तिच्या माहेरची साडी यावी लागते. ती अंगावर पडली, की मगच तिला उचलायचं. तोपर्यंत सगळे उन्हात थांबून राहतात. आणि वेचणीच्या दिवसांत माणसं सापडतात कुठं? गावं ओस, सगळी रानात. बायकांकडं तेव्हा फोन नव्हते, गड्यांकडं होते तर कापसाच्या पराटीत रेंज नव्हती. रेडिओ मात्र होता. बारका, चायनाचा, सेलवरचा. बांधावरच्या झाडाला टांगलेला.

एकदा दुपारी एक माणूस माडीवर धापा टाकत आला. त्याची आई गेली होती. बहीण मजुरीनं वेचायला गेलेली, पण कुणाच्या रानात, ते माहीत नव्हतं. "रेडिओवर सांगा बाई, तेवढं." मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "दादा, आपल्याला बातम्या देण्याची परवानगी नाही. निधन ही बातमी आहे." मुमताज यंत्रामागून उठून आली.

"मॅडम, बातमी दुसऱ्याच्या घरची राह्यती," ती म्हणाली. "ही तर घरची हाय."

तिनं चालू गाणं मधेच बंद केलं. माईक त्या माणसाच्या तोंडापुढं सरकवला. त्याला बोलता येईना. दोन-चार श्वास तशीच शांतता गेली, आणि मग तो एवढंच म्हणाला, "शांते, जिथं असशील तिथून ये. आई गेली." त्याची शांता तासाभरात पोचली. ज्या रानात ती होती तिथल्या साऱ्या बायका तिच्याबरोबर चालत आल्या.

मग रोज कुणी ना कुणी येऊ लागलं. वेळ ठरली साडेबाराची, बायका भाकरीला बसतात ती. गाणं थांबवायचं, थोडा वेळ काहीच वाजवायचं नाही, मग नाव वाचायचं आणि मातीची वेळ सांगायची. ती मधली शांतता आम्ही ठरवून ठेवली नव्हती. पहिल्या दिवशी त्या माणसाला बोलता आलं नाही म्हणून ती पडली होती, आणि मग ती तशीच राहिली. पण हळूहळू तीच खरी सूचना झाली. गाणं थांबलं की साऱ्या रानांत हात थांबायचे. बायका पदर डोक्यावर घ्यायच्या. तोंडातला घास तसाच राहायचा. नाव दुसऱ्या कुणाचं निघालं, की आधी सुटकेचा श्वास, आणि मग त्या श्वासाची लाज.

मी बाहेर जाऊन हे बघितलं तेव्हा पहिल्यांदा भ्याले. इतकी वर्षं आपलं कुणीतरी ऐकावं म्हणून मी तडफडत होते. आणि ऐकतात ते माझं बोलणं नाही, माझं गप्प बसणं, हे मला बांधावर उभं राहून कळत होतं. त्या दिवसापासून गजरा सुटला. आवाजातलं तूप मात्र उतरायला अजून थोडे दिवस लागले.

गयाबाई गावाच्या वरच्या अंगाला राहायची. वेचणीची जुनी गाणी तिच्याइतकी कुणाला येत नाहीत असं कळलं, म्हणून मी रेकॉर्डर घेऊन तिच्याकडं गेले. ती अंगणात कडुनिंबाखाली बाजेवर पडलेली होती. हातपाय काड्यांसारखे, पोट तेवढं फुगलेलं. पोटात पाणी झालं होतं. जालन्याच्या डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. डोळे मात्र चांगलेच तरतरीत.

"तू व्हय ती रेडिओतली?" ती म्हणाली. "मला वाटलं, म्हातारी आसंल."

"मावशी, तुमची गाणी घ्यायला आलेय."

"गानं म्हनते की. पर आधी माझं एक काम कर. बापूला बोलाव."

बापू म्हणजे तिचा धाकटा भाऊ, जांबकडं राहणारा. ते कोण, कसे, हे मला तिच्या सुनेनं सांगितलं, चहा देता देता, सासूच्या देखत. आई लवकर गेली म्हणून गयाबाईनंच त्याला काखेवर वाढवलं होतं. पुढं त्याला मुलगी झाली आणि हिला मुलगा. भावाची लेक बहिणीच्या घरी सून म्हणून द्यायची, ही आमच्याकडची रीत. भाऊ नाही म्हणणारच नाही, असं धरून गयाबाईनं त्याला विचारलंच नाही. गावभर सांगून मोकळी झाली. आणि त्यानं मुलीच्या मर्जीनं दुसरीकडं शब्द दिला. त्या लग्नाला गयाबाई गेली ती भांडायलाच. भर मांडवात नको ते बोलली. तेव्हा बापू साऱ्या पाव्हण्यांसमोर म्हणाला, "अक्का, आता तुझ्या मातीलाच येईन. तवर न्हाई."

तेव्हापासून तो आला नव्हता. हीही गेली नव्हती. ज्या बाईचा भाऊ भाऊबिजेला येत नाही, ती चंद्राला ओवाळते. नुकतीच दिवाळी झाली होती आणि या अंगणात बाजेवर पडल्या पडल्या गयाबाईनं चंद्राला ओवाळलं होतं.

"आता निरोप धाडला नाही का?" मी विचारलं.

"ह्यांनी माणूस धाडला होता," सून म्हणाली. "मामा म्हनले, चारचौघांत शब्द गेला माझा. आन् तोंड फिरवून बसले."

"हट्टीच म्हणायचे."

"हट्टी न्हाई," गयाबाई एकदम म्हणाली. "शब्दाचा पक्का हाय. मीच वाढिवला त्याला. माझ्या जिवात जीव हाय तवर त्याला बघायचंय मला, बस. तू रेडिओवर सांग. साडेबाराला सांग."

मी समजावणीच्या सुरात आले. हा माझा सूर फार वाईट. सईनं त्याला 'शाळा भरली' असं नाव ठेवलंय. मी म्हणाले, "मावशी, साडेबाराची वेळ निधनाची असते. तुमचा निरोप आपण सकाळी 'आपली माणसं' या कार्यक्रमात देऊ."

"साडेबाराला."

"अहो, पण लोकांचा गैरसमज होईल. त्यांना वाटेल, तुम्ही..."

"मेले. वाटू दे की. लोकांचं काय लोणचं घालायचंय मला? बापू पायजे मला."

सून पदरात तोंड लपवून हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. मी मात्र परत येताना वाटभर मनाशी म्हणत होते, बिचारीला रेडिओ कसा चालतो हेच समजत नाही.

माडीवर येऊन मी निवेदन लिहिलं. 'श्रीमती गयाबाई यांची प्रकृती अस्वस्थ असून, त्यांच्या बंधूंनी त्यांची सदिच्छा भेट घ्यावी, अशी त्यांची मनीषा आहे.' मुमताजला वाचून दाखवलं.

"अस्वस्थ म्हंजे जित्या हायेत ना?" तिनं विचारलं.

"अर्थात!"

"मंग आजारी हायेत म्हना की सरळ. अन् ते सदिच्छा काढा. भावाला कुनी सदिच्छा म्हनतं का?"

काढलं. उरलं ते असं: 'गयाबाई फार आजारी आहेत. त्यांनी बापूरावांना भेटायला बोलावलं आहे.' वेळ कुठली, यावर मी अजून सकाळचा हेका धरून होते. मुमताज वायर गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "मॅडम, त्यांचा भाऊ सकाळी ऐकतो का साडेबाराला, ते त्यांना जादा ठाऊक का आपल्याला?" मी कागदावर 'साडेबारा' लिहिलं. पटलं म्हणून नाही. बटणं तिच्या ताब्यात होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला गाणं थांबलं. शांतता झाली. आणि मी वाचलं, अगदी साधं, तुपाशिवाय. दोनदा वाचलं. 'फार आजारी आहेत' हे शब्द तर मुद्दाम सावकाश, नीट ऐकू जावेत म्हणून. मग मुमताजनं पुन्हा गाणं लावलं आणि मी डबा उघडला.

डबा संपायच्या आत मुमताजनं खिडकीतून हाक मारली. रस्त्यानं बायका चालल्या होत्या. डोक्यावर पदर, कमरेला कापसाच्या ओट्या तशाच. मागून गडी, डोक्यावरच्या टोप्या हातात घेऊन. सगळे वरच्या अंगाला.

"पण मी स्पष्ट म्हटलं, आजारी आहेत!"

"तुमचं कोन ऐकलं मॅडम? तुम्ही गप बसल्या ना, तिथंच समदे उठले."

मी चप्पल घालून धावत निघाले. गजऱ्याचे दिवस असते तर गजरा वाटेत पडला असता. पोचले तर अंगण माणसांनी भरलेलं, आणि मधोमध बाजेवर गयाबाई उशीला टेकून बसलेली, एकेकाकडं निरखून बघत. रडत आलेल्या बायका रडायच्या थांबल्या होत्या आणि आता कुठं बघावं हे त्यांना कळत नव्हतं. एकीनं तर दारातच हंबरडा फोडला होता; ती आता खाली बसून पायातला काटा शोधत होती. काटा नव्हता.

"ये गं, ये," गयाबाई तिला म्हणाली. "लई गोड रडलीस. तव्हा न्हाई ऐकायला मिळनार मला, बरं झालं आज ऐकलं." आणि सुनेला, "चहा ठेव समद्यांना. मातीला आल्यात, उपाशी जायाचे."

लोक हसले. पण उठून कुणी गेलं नाही. ती कुणाची वाट बघत्येय हे आता साऱ्यांना कळलं होतं. चहा झाला. ऊन कलायला लागलं. ती मधेच डोळे मिटायची, मधेच रस्त्याकडं बघायची. मस्करी थांबली होती. हात चादरीचा काठ चिमटीत धरून एकसारखा ओढत होता. मी तिच्या पायाशी बसले होते आणि तिच्याबरोबर रस्त्याकडं बघत होते.

फाट्यावर काळी-पिवळी जीप थांबली. धोतर, पांढरी टोपी, उंच, वाकलेला एक माणूस उतरला. काखेत दुकानाची पिशवी होती. लोकांनी वाट दिली. तो अंगणात आला, बाजेजवळ थांबला. बहीण उशीला टेकून बसलेली, जिवंत, त्याच्याकडं बघत्येय. अंगणात शेळीसुद्धा ओरडली नाही. मला वाटलं, आता हा माघारी फिरणार. चारचौघांत फसवलं म्हणून दुसऱ्यांदा शब्द देऊन जाणार, आणि त्याला कारण आमचा रेडिओ.

त्यानं काखेतली पिशवी उघडली. साडी काढली, घडी मोडली आणि तिच्या अंगावर, खांद्यापासून पायापर्यंत, नीट पांघरली. मातीला घालतात तशी. मग बाजेच्या कडेला खाली, मातीत बसला.

गयाबाईनं काठावरून बोट फिरवलं.

"कुठून आनली?"

"तीर्थपुरीवरून."

"डाळिंबी कशापायी? मी इधवा बाई. पांढरं, फिकं आनायचं आसतंय."

"दुकानदार तेच म्हनला," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "मी म्हनलं, बहीण माझी हाय का तुझी?"

तिनं साडीचा काठ छातीशी ओढून घेतला. मग सुनेचा हात धरून तिला पुढं ओढलं. "ही बघ माझी सून. सोनं हाय. बरं झालं तू पोर दिली न्हाईस बापू. तुझी लेक तुझ्यावानी. मला पान्याला सुदिक इचारलं नसतं."

"अक्का, तू तिला पानी मागू दिलं आसतंस व्हय?" बापूराव म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम उसवल्यासारखा झाला. गयाबाईनं त्यांच्या डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली आणि केसांत हात घातला. लोक एकेक करून उठायला लागले. मीही उठले.

आता निधनं फोनवर येतात. हार घातलेला फोटो, खाली दोन जोडलेले हात. त्याच्याच वर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, त्याच्याच खाली टोमॅटोचे भाव. सगळं एकाच अंगठ्यानं पुढं सरकतं. मीही सरकवते, मी काही निराळी नाही. आमचा रेडिओ अजून आहे, पक्क्या इमारतीत आहे, वाकळींच्या जागी भिंतींना काळा फोम आहे. मुमताज आता तिथं सगळ्यांची मुमताजबाजी, थोरली बहीण आहे. साडेबाराची वेळ कुणी बंद केली नाही. एका वेचणीत कुणी सांगायलाच आलं नाही, एवढंच. सईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "पण आजी, आता तर लगेच कळतं." खरंच आहे. कळतं लगेच. थांबतं कोण, एवढंच मी विचारणार होते. पण तिचा क्लास होता.

त्या हंगामात गयाबाई पराट्या उपटेपर्यंत राहिली. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहून खूपच जास्त. बापूराव एक दिवसाआड जीपनं यायचे, बाजेशी बसायचे. मी गाण्यांसाठी जायची, पण गाणं एकही धड मिळालं नाही. ती सुरू करायची आणि ते मधेच म्हणायचे, "तसं न्हाई अक्का, आई दुसरं म्हनायची." "तू व्हतास का तव्हा? पाळन्यात व्हतास." "पाळन्यातून ऐकलं मी." मग दोघांचं जुंपायचं, आणि त्यातून मधेच एखादी ओळ दोघं मिळून म्हणायचे, तिचा चिरका आवाज, बापूरावांचा खर्जातला. मी ते तसंच्या तसं भांडणासकट लावलं. मुमताज म्हणाली, कापाल तर बघा. वेचणाऱ्या बायका ते ऐकायला बांधावर येऊन बसायच्या. 'बापू आन् अक्का लागले का गं?' असं एकमेकींना विचारायच्या. माझ्या कुठल्याच कार्यक्रमाची कुणी अशी चौकशी केली नव्हती.

मग एका सकाळी बापूराव एकटेच माडीवर आले. वहाणा बाहेर काढल्या. मला आणि मुमताजला सांगावं लागलं नाही.

"पहाटं गेली," ते म्हणाले. "माझ्या हातचं पानी पिली. चारला माती हाय."

मी त्यांना खुर्ची दिली. ते वाकळींकडं बघत बसले. आणि इतके दिवस माझ्या मनात सलत होतं ते मी तेव्हाच बोलले. वेळ नव्हती ती. पण माझं तोंड.

"बापूराव, त्या दिवशी तुमची फसगत झाली. आजारी आहेत, असंच मी वाचलं होतं. पण तुम्ही नाव ऐकूनच उठला असाल..."

"कोन म्हनलं?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "मोसंबीच्या फांदीला टांगला व्हता रेडिओ. दोन्ही बारी ऐकलं. फार आजारी हाय, भेटाया बोलिवलंय. बराबर?"

"बरोबर. मग साडी?"

"मातीलाच येईन म्हनलो व्हतो समद्यांम्होरं," ते म्हणाले. "तिनं मातीच्या येळंला बोलिवलं. साडी न आनता कसा आलो आसतो बाई?"

मुमताजनं यंत्राकडं तोंड फिरवलं. मी कागद पुढं ओढला. असं निवेदन लिहायची आमची एक पद्धत होती: अमक्यांच्या पत्नी, तमक्यांच्या मातोश्री. मी विचारलं, "नाव कसं वाचू?"

ते विचारात पडले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बापूची अक्का गेली, आसं म्हना," ते म्हणाले. "समद्यांला कळंल."

साडेबारा वाजले. मुमताजनं गाणं थांबवलं. ते तिथंच बसले होते, माझ्या समोर, हात जोडून. मी तसंच वाचलं. आडनाव नाही, गाव नाही, कोणाची कोण ते नाही.

कळलं सगळ्यांना. चार वाजता त्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती.